कुरडया कुठे गेल्या?

मागच्या रविवारी कबूल केल्याप्रमाणे आज संवादलेखनाबद्दल लिहायचं होतं. पण मधल्या दिवसांत दिंडोशीहून एका आईचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न संवादाच्या आधी घ्यावा असाच आहे. संवाद पुढच्या आठवड्यात.

पत्र नागरी निवारा वसाहतीतून आलं आहे. मुलगा नववीत, सेमी-इंग्रजीत शिकतो. रविवारी सकाळी फोनवरून कथालेखनाच्या ऑनलाइन वर्गाला बसतो. तीन आठवड्यांपूर्वी या लेखमालेत आलेला ‘दहा मिनिटांची वाट’ हा सराव त्याने घरापासून दिंडोशी मेट्रो स्थानकापर्यंत चालत केला. परत आल्यावर वहीत दीड पान लिहिलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवायचं म्हणून तेच फोनवर टाइप केलं, तेव्हा त्याच्या अकरा ओळी झाल्या. आईने वहीच्या पानाचा आणि फोनच्या पडद्याचा असे दोन फोटो जोडले आहेत आणि एकच प्रश्न विचारला आहे : मधलं सगळं गेलं कुठे?

वहीतलं एक वाक्य असं : ‘गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया कावळा एकेक करून खाली टाकत होता आणि वॉचमनकाका त्या गोळा करून कठड्यावर ठेवत होते.’ फोनवर याचं झालं : ‘वाटेत कावळे होते. वॉचमन काका पण होते.’

पहिल्या वाक्यात एक अख्खी सकाळ आहे. कावळ्याचा उद्योग आहे, त्या कुरडया कुणाच्या याचं कुतूहल आहे, आणि त्या फेकून न देता कठड्यावर ठेवणारा एक भला माणूस आहे. दुसऱ्या वाक्यात नुसती हजेरी आहे. पोरगं तेच, सकाळही तीच. मग मुलाला कंटाळा आला म्हणावं, तर आईने पुढे लिहिलेली बारीकशी गोष्ट फार मोलाची आहे. ‘कुरडया’ हा शब्द त्याने तीनदा टाइप केला. तिन्ही वेळा फोनने भलतंच काही पुढे केलं. चौथ्यांदा त्याने कुरडयाच काढून टाकल्या.

ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा. बहुतेक मुलं फोनवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरं दाबून. देवनागरी करण्याचं काम फोन करतो. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण रोमन लिपीत आपल्या ‘त’ आणि ‘ट’ला एकच अक्षर आहे, ‘द’ आणि ‘ड’ला एकच, ‘ल’ आणि ‘ळ’लाही एकच. के, ए, एल ही तीन अक्षरं दाबली की काल, काळ, कल, कळ यांतला कुठलाही शब्द समोर येऊ शकतो. ‘तो काल गेला’ आणि ‘तो काळ गेला’ या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे! ते ठरवायचं असतं लिहिणाऱ्याने. इथे फोन आधी सुचवतो आणि मूल होकार देतं. जो शब्द सगळे जण रोज वापरतात तो चटकन येतो. घरातला, स्वयंपाकातला, गावाकडचा शब्द मागे पडतो. कुरडई, उतरंड, फडताळ, ओसरी... ज्या शब्दांनी गोष्टीला घर मिळतं, नेमके तेच अडतात.

यावरचा एक उपाय जुना आहे आणि तो आपल्याच देशात तयार झाला. भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची मांडणी आहे. १९९१ साली ती राष्ट्रीय मानकाचा भाग झाली. पुण्याच्या सी-डॅकचा या कामात मोठा वाटा. डाव्या हाताला स्वर आणि त्यांची चिन्हं, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’च्या कळीवरच शिफ्ट दाबली की ‘ख’. ‘ल’च्या कळीवर शिफ्टसह ‘ळ’. म्हणजे ‘काल’ की ‘काळ’ हे बोटालाच ठरवावं लागतं. आणि मराठीत ‘क’ जिथे असतो तिथेच तो बंगालीत आणि तमिळमध्येही असतो. ही मांडणी शाळांमधून मुलांच्या हाताखाली आली असती, तर आज हे पत्र आलं नसतं. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी मुलाला रोज पंधरा मिनिटं ती शिकू द्यावी. फोनवरही देवनागरी कळफलक निवडता येतो. सुरुवातीला वेग कमी पडेल, पण शब्द आपला राहील.

दुसरी वाट बोलण्याची. गुगलने ऑगस्ट २०१७मध्ये बोलून टाइप करण्याच्या सोयीत आणखी आठ भारतीय भाषा आणल्या, त्यांत मराठी होती. ज्या मुलांचा हात अडतो त्यांनी आधी सांगावं, फोनने ते उतरवून घ्यावं, ही कल्पना वाईट नाही. सांगताना मूल ‘वॉचमनकाका ना, त्या उचलून ठेवत होते’ असं म्हणतं, आणि त्या ‘ना’मध्ये त्याचा सूर असतो. मराठीत सांगण्याला मोठा मान आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, त्यातल्या प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही. त्या ‘रात्री’ आहेत, श्यामने मित्रांना सांगितलेल्या. पण बोलून उतरवलेल्या मजकुरात वाक्य कुठे संपलं ते कळत नाही. एका ‘मग’मधून दुसऱ्या ‘मग’मध्ये गोष्ट घसरत जाते. ती पुन्हा लिहून काढावीच लागते.

साने गुरुजींचा विषय निघालाच आहे तर अमळनेरला जाऊन येऊ. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाचं कामही बघत. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. छापलेलं नव्हे, हाताने लिहिलेलं. एक माणूस आपल्यासाठी रोज लिहितो आहे, हे मुलांना दिसत होतं; त्याचं अक्षर दिसत होतं. लिहिणं ही जेवणाइतकीच रोजची गोष्ट असते, हे शिकवायला याहून चांगला मार्ग कुठला असेल? ऑनलाइन वर्गात शिक्षकाने मुलांना काम देऊन पडद्यामागे जायचं नसतं. दिलेला सराव त्यानेही करावा आणि आपलं पान मुलांसमोर धरावं, खाडाखोडीसकट.

खाडाखोड हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वर्ग प्रत्यक्ष भरतो तेव्हा शिक्षक बाकांमधून फिरतो, वहीत डोकावतो. ‘गच्ची’ खोडून ‘टेरेस’ लिहिलेलं आणि पुन्हा ‘गच्ची’ केलेलं त्याला दिसतं. तिथे बोट ठेवून तो विचारू शकतो, ‘का रे बदललंस?’ सगळा धडा या एका प्रश्नात असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुरात मात्र फक्त शेवट पोहोचतो. मुलाने काय टाकून दिलं, ते पुसलं गेलेलं असतं. गुगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या उघडून बघता येतात, पण फोनवरची मुलं सहसा तिथे लिहीत नाहीत.

म्हणून दिंडोशीच्या आईंना सरळ उत्तर असं : पहिला खर्डा वहीतच होऊ द्या आणि वर्गात त्या पानाचा फोटो पाठवा. टाइप करणं ही पुढची पायरी, आणि ती करताना वही समोर उघडी हवी. अडलेला शब्द बदलायचा नाही. फोन ‘कुरडया’ देत नसेल तर तिथे रिकामी जागा सोडून पुढे जायचं आणि शेवटी तो शब्द देवनागरी कळफलकावरून भरायचा.

शिक्षकांचा यावरचा आक्षेपही माहीत आहे. तीस मुलांचे तीस फोटो, काही तिरके, काही अंधारातले. वाचताना डोळे दुखतात. खरं आहे. मग एका रविवारी सहाच पानं घ्यावीत, पण ती पडद्यावर सगळ्यांसमोर नीट वाचावीत. पाच आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. तीस टाइप केलेल्या मजकुरांवर ‘छान!’ आणि अंगठा देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

परीक्षेची काळजी असणाऱ्या पालकांसाठी एवढंच : दहावीच्या मराठी ‘कुमारभारती’च्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, कथालेखन त्यातच येतं, आणि ती उत्तरपत्रिका आजही पेनानेच लिहावी लागते.

आता एक विनंती. फोनने न दिल्यामुळे तुमच्या घरातल्या मुलाने बदललेला किंवा गाळलेला एखादा मराठी शब्द असेल, तर वहीच्या पानाच्या फोटोसह तो जरूर कळवा. मात्र फोटोवर मुलाचं नाव आणि शाळा झाकून टाका. दिंडोशीच्या त्या मुलाने कुरडयांचं वाक्य परवा पुन्हा टाइप करून गटावर पाठवलं, असं त्याच्या आईने कळवलं आहे. वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, ‘मग त्या कुरडया कुणाच्या होत्या?’ तो आता पुढचं पान लिहितो आहे.