१३३ तास

नगरच्या एका ओळखीच्या मुलाला चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचं होतं. इंग्रजी घेऊन एम. ए., वर बी. एड., ज्युनिअर कॉलेजवर शिकवण्याचा अनुभव. एजंटानं फोनवर त्याची परीक्षा घेतली, उच्चारांचं कौतुक केलं आणि अगदी शेवटी पासपोर्ट कुठला ते विचारलं. भारतीय म्हटल्यावर विषय संपला. चीनमध्ये भाषाशिक्षकाचा परवाना साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा, इंग्रजी ही मातृभाषा मानलेल्या मोजक्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. पूर्वी निदान घरबसल्या, ऑनलाइन शिकवता येत होतं. २०२१च्या जुलैत तिथल्या सरकारनं खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला आणि देशाबाहेर बसून चिनी मुलांना शिकवणंही बंद केलं. "म्हणजे तिकडचा भूगोलाचा पदवीधर चालतो आणि मी चालत नाही," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "तुम्हाला परदेशात इंग्रजी शिकवणारं कुणी बघायचंच असेल तर माझ्या मावसबहिणीला भेटा. ती अकोल्यात आहे."

हे अकोलं म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे, आपल्याच नगर जिल्ह्यातला अकोले तालुका. त्याच्या या ताई मूळच्या पाथर्डीकडच्या. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा असलेल्या या जिल्ह्याचं पाथर्डी हे एक टोक आणि अकोले हे दुसरं. मध्ये दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर. पाथर्डीत पाण्याचा टँकर आणि दिवाळीच्या आधी ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या. अकोल्याच्या पश्चिमेला कळसूबाई, भंडारदरा, भाताची खाचरं, आणि एकदा लागला की चार-चार दिवस न उघडणारा पाऊस. जिल्हा परिषदेच्या भाषेत हे 'अवघड क्षेत्र'. बदलीच्या यादीत हा शब्द नावापुढे आला की घरचे लोक सांत्वनाला येतात, असं ताई म्हणाल्या.

मी गेलो ते आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. एक खोली सरांकडे, एक बाईंकडे, म्हणजे ताईंकडे. मुलं महादेव कोळी आणि ठाकर घरांतली. सकाळी ती डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन येत होती आणि कागद व्हरांड्यात टांगून आत बसत होती. वर्गात शिरल्याबरोबर एक वास आला, तो मी तिथे होतो तोवर नाकातून गेला नाही. चुलीवर वाळवलेल्या आणि वाटेत पुन्हा भिजलेल्या कपड्यांचा, धुराचा वास. पावसाळ्यात घरात कपडे वाळायला दुसरी जागाच नसते. बाईंच्या ओढणीलाही तोच वास होता. "सहा वर्षं झाली. आता आईकडे गेले की आई म्हणते, तुझ्या अंगाला धूर लागलाय. तिच्याही घरी चूलच होती की. पण आमच्याकडचा धूर कोरडा."

पहिल्या वर्षी बाईंना पहिलीतल्या मुलांचं बोलणं कळत नव्हतं. मुलांना बाईंचं कळत नव्हतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दोघांच्या मध्ये उभ्या राहून सांगायच्या. घरातली बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी, आणि इंग्रजी तिसरी. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या निर्णयाच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. या खोलीत तिसरी भाषा शिकवायला उभं राहायचं तर आधी पहिली शिकावी लागते, हे त्यात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

इंग्रजीचा तास चाळीस मिनिटांचा. हजेरी, प्रार्थना, फळा पुसणं वगैरे झाल्यावर बाईंनी तिसरीला गणितं घालून दिली आणि चौथीला उभं केलं. 'स्टँड अप', 'टर्न राउंड', 'टच युवर इअर'. आज्ञा बाई देतात, मग एक मुलगी देते, मग एक मुलगा. ऐकायचं आणि करायचं, बोलायची सक्ती नाही. तिसरीतले गणितं सोडून कानाला हात लावत होते, त्यांना कुणी रागावलं नाही.

मग पिशवीतून वस्तू निघाल्या. भाताचं रोप, एसटीचं तिकीट, खेकड्याची नांगी. नांगी कुणी आणली यावर पाच मिनिटं गेली. 'क्रॅब' हा शब्द मुलांना एका झटक्यात आला, कारण त्यांना त्याच्याबद्दल सांगायचं होतं. भाताच्या रोपाला इंग्रजीत काय म्हणतात हे बाईंनी सांगितलं, पण त्यात कुणाला रस नव्हता. घरोघरी दिवसभर तेच चाललं होतं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. बाईंनी फळ्यावर तीन अक्षरं काढली. मुलं एका सुरात ओरडली, "सी, ए, टी."

"ही नावं झाली. आवाज सांगा."

शांतता. मराठीत 'क' हे अक्षराचं नावही आहे आणि आवाजही. चार वर्षं मुलं त्या शिस्तीत वाढलेली असतात. इंग्रजीत अक्षर स्वतःचं नाव एक सांगतं आणि शब्दात बसलं की दुसरंच बोलतं. इंग्रजी वाचताना मुलं अडतात ती बहुतेक इथेच. पाठांतरानं सी-ए-टी कॅट येतं आणि नवा शब्द समोर आला की तोंड बंद होतं. बाईंनी एका मुलाला विचारलं, "तुझं हजेरीतलं नाव काय? आणि घरी हाक काय मारतात?" त्यानं दोन्ही सांगितली, वर्ग हसला. "तसंच हिचं. हजेरीत सी, घरी क्." मग क्, ॲ, ट्. हळू, मग जोडून, मग भरभर. मागून एक मुलगी म्हणाली, "पण बाई, सिटीमध्ये तर ती स् म्हणती." बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही दर वेळी असंच करते." आणि तिला म्हणाल्या, "तिथे तिचं माहेर आहे. ते उद्या."

एका प्रशिक्षणात बाईंना सांगितलं होतं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको. बाईंनी वहीत ते लिहून घेतलं आणि परत येऊन सोडून दिलं. मुलं इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहितात, तेही तपासणीला आलेल्या साहेबांना खटकतं. मला विचाराल तर त्या तपासणीपेक्षा मावशींचं दुभाषेपण अधिक शिक्षणशास्त्रीय होतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी त्यांचं गणित सांगितलं. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाला कामाचे किमान २०० दिवस. रोज चाळीस मिनिटं धरली तर आठ हजार मिनिटं. "म्हणजे १३३ तास. एवढंच इंग्रजी पोरांच्या कानावर पडतं. पूर्ण वर्षात." दिवसातले चौदा तास पोरगं जागं असतं असं धरलं तर हे जागेपणाचे दहा दिवससुद्धा होत नाहीत. आणि १३३ हा आकडा कागदावरचा. त्यातून तिसरीची गणितं वजा. आवणीत धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलेली मुलं वजा. निवडणूक असली की बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम वजा. पोषण आहाराची रोजची नोंद ॲपवर भरायची असते आणि रेंज शाळेत नाही, वरच्या वळणावर येते. तीही वजा. "राहिले किती ते मी मोजत नाही. मोजलं तर शिकवणं होणार नाही."

या १३३च्या जोडीला मला सारखी एक अमेरिकन बाई आठवत होती. सिंथिया फरार. न्यू हॅम्पशायरची, अविवाहित. १८२७च्या डिसेंबरात अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला उतरली, १८३९ पासून नगरला राहिली आणि १८६२ मध्ये नगरमध्येच वारली. मुलींच्या शाळा हे तिचं काम. नगरमधल्या तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली; पुढे १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे जिथे जिथे घेतले, त्यांत नगरची फरारबाईंची संस्था होती. धर्मप्रसाराचा हेतू मिशनच्या सगळ्या शाळांमागे होताच, तो लपवलेला नव्हता. पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. चीनच्या परवान्याला हवा तो जन्म या बाईजवळ होता, तरी नगरच्या पोरींसाठी तिला आधी मराठी गिरवावी लागली. १८५४-५५ मध्ये मिशनच्या बोस्टनमधल्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनीही इंग्रजी शाळांपेक्षा देशी भाषेतल्या शिक्षणावरच भर द्यायला लावला. शंभर वर्षांनी मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या त्या १९६१ मध्ये हैदराबादला इंग्रजी शिकवायला. पुढे फलटणला स्थायिक झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि नाव झालं ते मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवण्याच्या त्यांच्या कामामुळे.

जन्मानं इंग्रजी घेऊन आलेल्या या दोघी मराठीत रमल्या. इंग्रजीचं ओझं आलं ते पाथर्डीच्या बाईंवर, ज्यांनी स्वतः इंग्रजीचं पहिलं अक्षर पाचवीत गिरवलं. तेव्हा आईवडील तोडीला गेलेले, बाई आजीजवळ, आणि शाळेत इंग्रजीला गुरुजी नव्हते म्हणून शारीरिक शिक्षणाचे सर शिकवायचे. "ते 'इस्कूल' म्हणायचे. मीही डी. एड.ला जाईपर्यंत 'इस्कूल'च म्हणत होते."

संध्याकाळी मी त्यांच्या राजूरच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्यांचे यजमान संगमनेरला नोकरीला, शनिवारी येतात. चहा झाला. मग बाईंनी संकोच न करता रोजचं काम काढलं. फोनवर उद्याच्या धड्यातले शब्द एकेक ऐकायचे, कानातून बोंडं काढायची आणि मोठ्यानं म्हणायचं. 'व्हेजिटेबल' हा शब्द त्यांनी सात-आठ वेळा म्हटला. फोन त्यातली मधली अक्षरं गिळत होता, बाईंच्या तोंडून ती परत परत पूर्ण बाहेर येत होती. वैतागल्या, हसल्या, पुन्हा ऐकलं. वहीत देवनागरीत लिहून मधलं अक्षर खोडलं. मुलांच्या वहीतली ती 'चुकीची' सवय कुठून आली ते तेव्हा कळलं.

जो तास शाळेत चाळीस मिनिटांचा, तो इथे सव्वा तास चालला होता. याचा पगार नाही, नोंद नाही. त्या खोलीतला आवाज मला मग बरेच दिवस ऐकू येत राहिला. चीनला जाऊ न शकलेल्या मुलाचे सफाईदार उच्चार त्यापुढे फिके वाटू लागले, हा माझा पक्षपात आहे. शब्द तोंडात कुठे अडतो हे ज्याच्या तोंडात तो अडलेला आहे त्याला जास्त नेमकं सांगता येतं. परवाना देणाऱ्यांनी जन्म विचारायच्या ऐवजी हे विचारावं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा तास झालाच नाही. कसलीशी माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरायची होती. सर आणि बाई आळीपाळीनं वळणावर जाऊन येत होते. खिचडी खाऊन झाल्यावर बाई व्हरांड्यात बसल्या आणि चौथीतल्या एका मुलाला म्हणाल्या, "पाव्हण्यांना करवंदं विक."

हा मुलगा आदल्या दिवशी वर्गात तोंड उघडत नव्हता. मे महिन्यात तो भंडारदऱ्याच्या रस्त्यावर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन उभा असतो, मुंबईच्या गाड्या थांबतात. त्यानं समोर चार खडे मांडले, माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं.

"करवंदा सर! फ्रेश! व्हेरी स्वीट! ट्वेंटी रुपीज."

मी दहा म्हटलं.

"नो सर. ट्वेंटी. फ्रॉम जंगल, सर."

मी तीन घेतो म्हटलं, पन्नास. त्यानं क्षणभर हिशेब केला. "थ्री, सिक्स्टी. वन फ्री, टेस्ट." आणि एक खडा पुढे केला. पोरं खिदळत होती. हे सगळं वाक्यात बसलेलं नव्हतं, पण अडलंही नव्हतं. बाईंनी मध्ये फक्त एकदा तोंड घातलं. 'फ्रॉम जंगल' नको, 'फ्रॉम द जंगल' म्हण, असं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा 'फ्रॉम जंगल'च म्हटलं.

मी बाईंना विचारलं, रस्त्यावरचं हे इंग्रजी १३३ मध्ये धरता की नाही?

"सुट्टीतलं आहे. सुट्टीतलं धरत नाही," त्या म्हणाल्या आणि फोन घेऊन पुन्हा वळणाकडे निघाल्या. माहितीतला एक रकाना चुकला म्हणून परत आला होता.