पिशवी गळते कुठे?

एलिझ सोरेनसन या डॅनिश नर्सची गोष्ट स्टोमा ओपीडीत सगळ्यांना पाठ असते. ३२ वर्षांची बहीण थोरा, पोटावर ऑपरेशनने केलेल्या मलाच्या वाटेतून, म्हणजे स्टोमातून, गळेल या धास्तीने तिचं घराबाहेर न पडणं, आणि १९५४ मध्ये एलिझला सुचलेली चिकटणारी पिशवी. कमी सांगितलं जातं ते असं, की प्लास्टिकवाले आगे लुई-हॅन्सन यांनी तिला आधी नकारच दिला होता. पण त्यांच्या पत्नीही नर्स होत्या. त्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट उभी राहिली.

त्याआधी अमेरिकेत रबरी पिशवी लॅटेक्सने डकवत. काढताना कातडी सोलवटायची. १९५२ मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांना दिसलं, की कवळी धरून ठेवणारी कराया पूड ओल्या, हुळहुळ्या कातडीलाही धरते. ही पूड म्हणजे आपल्याकडच्या जंगलातल्या कांडोळाचा डिंक! पुढे रुग्णांना हे सगळं शिकवायला टर्नबुलनी १९५८ मध्ये नेमलं ते आपल्याच एका पेशंटला, नॉर्मा गिल यांना.

आमच्या ओपीडीत एक काका तावातावाने आले. ‘माल हलका आहे, रोज गळतंय.’ पिशवी पोटाला धरून ठेवणाऱ्या चकतीभोवती, म्हणजे फ्लँजभोवती, चिकटपट्टीचे थरावर थर. सिस्टरांनी फ्लँज काढली आणि आधी उलटून पाहिली. कुठून विरघळली ते मागच्या बाजूलाच कळतं. इथे भोक सगळीकडून मोठं होतं. ऑपरेशननंतरची सूज सहा-आठ आठवड्यांत उतरते, स्टोमा आक्रसतो. काका मात्र डिस्चार्जच्या दिवशीच्या कागदी मापानेच कापत होते. नवं माप घेतलं, कडेला जेमतेम दोन मिलिमीटर जागा सोडली. कंपनी तीच राहिली, गळती थांबली.

दुसऱ्या एका आजींचं कोडं अवघड होतं. माप बरोबर, कातडी कोरडी, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायच्या, तरी गळायचंच. टेबलावर झोपवून तपासलं की पोट सपाट. शेवटी सिस्टरांनी त्यांना जमिनीवर भाजी निवडायला बसतात तसं बसवलं, आणि स्टोमाशेजारी खोल घडी पडली. घडीत पेस्ट, आत दाबणारी कॉन्व्हेक्स फ्लँज, वर पट्टा. आजी पुन्हा निवांत खाली बसू लागल्या.

तेव्हापासून सिस्टर ऑपरेशनआधी पेशंटला मांडी घालून बसवतात आणि मगच पोटावर स्टोमाच्या जागेची खूण करतात. सर्जनना ती हमखास थोडी वर वाटते. खूण हलत नाही.