बशीतला गहू आणि तेरा गोड जिन्नस : मार्सेलिसच्या किनाऱ्यावरचा नाताळ



नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीत दिसणारा बर्फ येतो, लाल डगल्यातला म्हातारा येतो आणि केक येतो. पण नाताळ काही सगळीकडे असाच नसतो. आज आम्ही तुम्हाला अशा एका किनाऱ्यावर नेणार आहोत, जिथे बर्फ क्वचितच पडतो, केकापेक्षा सुक्या अंजिराला मान जास्त आणि सणाची सुरुवात होते ती बशीत गहू पेरून.

हे गाव म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेचं मार्सेलिस बंदर. नाव ओळखीचं वाटलं ना? १९१० साली सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली, ती याच बंदरात. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलंच आहे. मार्सेलिस भूमध्य समुद्राच्या काठावर आहे. सुमारे २६०० वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दी लोकांनी ते वसवलं. आज ते मोठं शहर आहे, पण त्याच्या मागे डोंगर, जैतुणाच्या बागा आणि मेंढपाळांची गावं आहेत. या सगळ्या मुलखाला प्रोव्हान्स म्हणतात. तिथली जुनी बोली फ्रेंचपेक्षा वेगळी आहे आणि नाताळचे बरेच शब्द त्या बोलीतलेच आहेत.

४ डिसेंबर : गहू घालायचा दिवस

तिथला नाताळ २५ डिसेंबरला सुरू होत नाही. तो सुरू होतो ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी. त्या दिवशी घरातली बाई किंवा मुलं तीन बश्यांमध्ये ओला कापूस पसरतात आणि त्यावर गहू पेरतात. कुणी मसूरही घालतं. रोज थोडं पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत वीतभर हिरवेगार अंकुर उभे राहतात. मग त्यांना रंगीत फीत बांधून बश्या जेवणाच्या टेबलावर आणि देखाव्याजवळ ठेवतात. गहू सरळ आणि हिरवा आला तर येणारं वर्ष भरभराटीचं, पिवळा पडला किंवा कुजला तर कष्टाचं, असा शकुन मानतात.

ऐकताना तुम्हाला नवरात्रातला घट आठवला असेल. धर्म वेगळा, ऋतू वेगळा, पण धान्य उगवून बघायचं आणि त्यावरून पुढचं पीक जोखायचं, ही शेतकरी घराची रीत दोन्हीकडे सारखीच. आपल्याकडे जुन्या बायका घटावरून बियाणं कसं आहे याचा अंदाज बांधतात. हे काम जरा मोजून केलं तर फार उपयोगी पडतं. पेरणीआधी गव्हाचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा आणि आठवड्याने चांगले कोंब किती आले ते मोजा. ८५ किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर आधीच कळतं आणि दुबार पेरणीचा खर्च वाचतो.

मार्सेलिसमध्ये आता शेत असलेली घरं थोडी. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला पावाच्या दुकानांत गव्हाच्या छोट्या पुड्या विकायला ठेवतात आणि तो पैसा मदतीच्या कामाला जातो. शेत गेलं, पण बशी राहिली.

मातीची माणसं

आपल्याकडे गोव्यात आणि वसईत नाताळला गोठा मांडतात. बाळ येशू, मारिया, योसेफ, गाय, गाढव. काही घरांत त्या गोठ्यापुढे शेत दिसावं म्हणून नाचणीची रोपं उगवतात. मार्सेलिसच्या घराघरांतही असा देखावा असतो. डोंगरावरून शेवाळ आणायचं, कागद चुरगाळून डोंगर करायचे, आरशाच्या तुकड्याची नदी करायची. मात्र तिथे बाळाच्या भेटीला अख्खं गाव आलेलं असतं.

या मातीच्या छोट्या मूर्तींना 'सांतों' म्हणतात. अर्थ, छोटे संत. पण बघायला गेलं तर त्यात संत थोडेच. कोळीण आहे, लसूण विकणारी आहे, धुणं धुणारी आहे, सूत कातणारी म्हातारी आहे, सुऱ्यांना धार लावणारा आहे, गिरणीवाला आहे, मेंढपाळ आहे, मुलाचा हात धरून आलेला आंधळा आहे. प्रत्येकजण आपल्या घरचं काहीतरी बाळाला घेऊन येतो. मासे, पिठाची गोणी, लाकडाची मोळी, भोपळा. आणि एक माणूस आहे, ज्याच्या हातात काहीच नाही. दोन्ही हात वर करून तो नुसता आनंदाने बघत उभा आहे. त्याला 'राव्ही' म्हणतात, म्हणजे हरखलेला. त्याच्याशिवाय देखावा पुरा होत नाही. देण्यासारखं काही नसलेल्यालाही त्या गावात जागा आहे.

या मूर्ती घरोघरी कशा पोचल्या, तेही ऐकण्यासारखं आहे. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. पुढच्या काही वर्षांत चर्चं बंद झाली, तिथले मोठे देखावेही बंद पडले. मग लोकांनी आपापल्या घरात लहान देखावे मांडायला सुरुवात केली. त्याच काळात मार्सेलिसच्या झां-लुई लान्येल नावाच्या कारागिराने प्लास्टरचे साचे केले आणि त्यातून मातीच्या मूर्ती काढल्या. पूर्वी कोरून केलेली मूर्ती फक्त श्रीमंताला परवडायची. साचा आला, एकासारख्या अनेक मूर्ती निघू लागल्या, किंमत उतरली आणि गरिबाच्या घरातही देखावा आला. १८०३ पासून मार्सेलिसमध्ये या मूर्तींचा बाजार भरतो. शेजारच्या ओबान्य गावातही मूर्तिकारांची अनेक दुकानं आहेत. बहुतेक कुटुंबं दरवर्षी एखाद-दुसरीच मूर्ती घेतात. आजीच्या वेळची कोळीण आणि यंदाचा मेंढपाळ एकाच देखाव्यात उभे असतात. सगळा संच एकदम घ्यायचा नाही, म्हणून खिशालाही झेपतं आणि कारागिरालाही दरवर्षी गिऱ्हाईक मिळतं.

एक नियम मात्र सगळे पाळतात. २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी असते. बाळ जन्मायच्या आधी मूर्ती ठेवायची कशी? आणि तीन राजे लांब ठेवून रोज थोडे पुढे सरकवतात. ते पोचतात ६ जानेवारीला.

२४ तारखेचं मोठं जेवण

नाताळच्या आदल्या रात्री, मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जाण्याआधी जे जेवण होतं, त्याला 'मोठं जेवण' असंच नाव आहे. पण त्यात मटण-कोंबडी नसते. तो एक प्रकारचा उपासच. मारियेच्या सात दुःखांची आठवण म्हणून सात साधे पदार्थ करतात. खारवलेला कॉड मासा, फ्लॉवर, पालक, छोले, खारट माशांच्या चटणीसोबत सेलरीचे दांडे, गोगलगायी, लसणाचं सार. घरागणिक यात फरक असतो, पण सारं मोसमातलं आणि आसपासचं.

त्याआधी एक छोटा विधी होतो. घरातली सर्वांत वयस्क व्यक्ती आणि सर्वांत लहान मूल मिळून फळझाडाचं एक लाकूड उचलतात, तीन फेऱ्या घालतात, त्यावर गोड दारू शिंपडतात आणि ते चुलीत ठेवतात. त्या वेळी जी इच्छा बोलून दाखवतात तिचा आशय असा, की पुढच्या वर्षी आपल्यात भर पडली नाही तरी चालेल, पण कुणी कमी होऊ नये. आज फ्लॅटमध्ये चुलाणं नसतं, तिथे ही रीत मागे पडली आहे.

टेबलावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी अंथरतात आणि तीन मेणबत्त्या लावतात. एक ताट जास्तीचं मांडतात. ते दाराशी येणाऱ्या गरिबासाठी. काही घरांत ते गेलेल्या माणसांसाठी मानतात. जेवण झालं की टेबल आवरायचं नाही. रात्री पूर्वज येऊन उरलेले घास खातील, अशी श्रद्धा. आपल्या पितरांच्या पानाशी हे जुळतं. आणि आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. टेबल आवरायचं नाही म्हटल्यावर घरातली बाईही हात पुसून सगळ्यांबरोबर प्रार्थनेला निघू शकते. मार्सेलिसजवळच्या डोंगरावर अलो नावाचं गाव आहे. तिथे त्या रात्री मेंढपाळ वाजतगाजत चर्चला येतात. ते बघायला आजूबाजूची माणसं जमतात.

तेरा गोड जिन्नस

आता सगळ्यांत आवडीचा भाग. उपासाच्या जेवणानंतर टेबलावर तेरा गोड जिन्नस येतात. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. प्रथा जुनी आहे, मात्र तेरा हा आकडा पक्का झाला तो अलीकडे, १९२० नंतर.

तेरा म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असेल. दिवाळीला पाच-सहा पदार्थ करताना कंबर मोडते, मग तेरा कोण करणार? पण यादी ऐका. सुकी अंजिरं, मनुका, बदाम आणि अक्रोड किंवा हेझलनट. या चौघांना 'चार भिक्षेकरी' म्हणतात, कारण त्यांचे रंग भिक्षा मागून राहणाऱ्या चार पंथांच्या साधूंच्या झग्यांसारखे. मग खजूर, संत्री, सफरचंद, नासपती, शरद ऋतूपासून जपून ठेवलेलं हिरवं खरबूज, टांगून राखलेली द्राक्षं, बेलासारख्या दिसणाऱ्या एका फळाच्या घट्ट वड्या. मध आणि बदामाची काळी चिक्की, अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पांढरी चिक्की. आणि जैतुणाचं तेल व संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून केलेला गोड पाव.

पाहा, यातलं निम्म्याहून जास्त त्या दिवशी शिजवायचंच नाही. उन्हाळ्यात वाळवलेलं, माळ्यावर टांगलेलं, बरणीत भरलेलं ते काढून मांडायचं. म्हणजे हे जिन्नस खरं तर वर्षभराच्या साठवणीचं प्रदर्शन आहे. कोरडवाहू मुलखातल्या गरीब घराने आपल्याकडे जे आहे, तेच मोजून तेरा केलं आणि त्याचा थाट केला. आता बरीच घरं चिक्की आणि पाव दुकानातून आणतात आणि महागडी मिठाईही यादीत शिरली आहे. तरी चार भिक्षेकरी जागचे हललेले नाहीत.

तेराही जिन्नस एकदम मांडतात आणि तीन दिवस, २७ तारखेपर्यंत, टेबलावर असू देतात. येणाऱ्याजाणाऱ्याने थोडं थोडं घ्यायचं.

पाहुणी म्हणून गेलात तर

आपल्यातल्या कुणाची लेक, कुणाचा भाचा आज परदेशात नोकरीला असतो. कधी असं बोलावणं आलं तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. तेरातला प्रत्येक जिन्नस चिमूटभर तरी खायचा, एकही नाकारायचा नाही. तेलाचा पाव सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा. कापला तर वर्षभरात दिवाळं निघतं, असं मानतात. जास्तीच्या ताटावर आपण बसायचं नाही. आणि मध्यरात्रीआधी गव्हाणीत बाळ शोधायचं नाही.

२५ तारखेला मात्र मांसाचं मोठं जेवण असतं. ६ जानेवारीला गोल पाव कापतात, त्यात एक छोटी वस्तू लपवलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येते तो त्या दिवसाचा राजा. जानेवारीत हौशी मंडळी बोलीभाषेत येशूजन्माची नाटकं करतात. १८४४ साली मार्सेलिसमध्ये आलेलं मोरेलचं नाटक अजून होतं. २ फेब्रुवारीला सेंट व्हिक्टर चर्चमध्ये हिरव्या मेणबत्त्या पेटवतात, होडीच्या आकाराची बिस्किटं घरी नेतात आणि त्या दिवसानंतर मातीची माणसं पुन्हा डब्यात जातात. असा हा दोन महिन्यांचा सण.

गटात बोलायला

सण कसा करावा हे दुसऱ्याकडून शिकायची आपल्याला गरज नाही. पण आरशात बघावं तसं दुसऱ्याच्या सणात डोकावलं की आपलं नीट दिसतं. गटाच्या वहीत सणासुदीसाठी घेतलेली कर्जं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या सणातल्या कोणत्या वस्तू घरच्या साठवणीतून निघतात आणि कोणत्या केवळ शेजारणीने आणल्या म्हणून आपण आणतो? वर्षाला एकच वस्तू घ्यायची, असा नियम कशाला लावता येईल? आणि सणाच्या रात्री घरातल्या बाईने कोणतं काम सकाळपर्यंत तसंच ठेवलं तर चालेल?

उत्तरं आम्हाला केंद्रावर कळवा. तुमची पत्रं आम्ही पुढच्या कार्यक्रमात वाचू. तोवर नमस्कार.