मिकीच्या घरी दिवाळी की दिवाळे?

भाऊबीजेची ओवाळणी आटोपून मंडळी फराळाच्या ताटाभोवती बसली, की एखादा वाद पेटल्याशिवाय आमच्याकडे सण साजरा झाल्यासारखे वाटत नाही. या खेपेला वाद पेटला तो एका उंदरावरून! भाचीची पाच वर्षांची मुलगी मिकी माऊसचे चित्र असलेला फ्रॉक घालून मिरवत होती. "छान आहे हो तुझा उंदीर!" असे मी म्हणायचाच अवकाश, आमचे भाचेराव चकली मोडता मोडता म्हणाले,

"मामा, त्या उंदराचे आता काही खरे नाही. कंपनीला उतरती कळा लागली आहे."

"उतरती कळा कसली?" भाची उसळली. ती दुबईला असते. "आमच्या शेजारी अबू धाबीला नवे डिस्नेलँड व्हायचे आहे. बुडणारा माणूस बंगले बांधायला काढतो का?"

"काढतो की! आपल्याच आळीत दोन उदाहरणे आहेत," भाचेराव शांतपणे म्हणाले.

हशा झाला आणि चहा आला. माझ्या डोक्यातून मात्र तो उंदीर काही जाईना. पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो. त्याच मुहूर्तावर आपणही या शंभरी ओलांडलेल्या कंपनीची वही उघडून का पाहू नये? वाचकहो, त्या वहीतले जे कळले ते येथे सांगतो.

सशाने फसवले, उंदराने तारले

१६ ऑक्टोबर १९२३ रोजी वॉल्ट आणि रॉय या डिस्ने बंधूंनी हॉलिवुडमध्ये व्यंगचित्रपटांचा धंदा सुरू केला. धाकटा स्वप्ने पाहणारा, थोरला हिशेब पाहणारा. अशी जोडी ज्या घरात असते, त्या घराला सहसा ददात पडत नाही. पण पाचव्याच वर्षी पहिला तडाखा बसला. त्यांचा 'ऑस्वल्ड' नावाचा ससा लोकांना फार आवडला होता. १९२८ साली वॉल्ट अधिक पैसे मागायला न्यूयॉर्कला वितरकाकडे गेला, तेव्हा त्याला कळले की कागदोपत्री ससा आपला नाहीच! इतकेच नव्हे, तर हाताखालचे बहुतेक चित्रकारही वितरकाने फोडले आहेत.

दुसरा एखादा गावी परत गेला असता. वॉल्टने सशाच्या जागी उंदीर उभा केला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'स्टीमबोट विली' पडद्यावर आला. त्यात चित्र आणि आवाज यांचा असा मेळ घातला होता की लोक वेडे झाले. आपले पात्र आपल्याच मालकीचे हवे, हा धडा डिस्ने मंडळी त्या दिवसापासून कधी विसरली नाहीत.

पुढे १९३३ साली 'तीन लहान डुकरे' हा छोटा पट अफाट चालला. वितरकांनी आणखी डुकरे मागितली. तीही काढून झाली, पण पहिल्याची सर कशालाच आली नाही. डुकरांवर डुकरांनीच मात करता येत नाही, अशा अर्थाचे वॉल्टचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ही डुकरे आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहेत. तेवढी लक्षात ठेवा.

डुकरांच्या मागे न लागता वॉल्टने लांबलचक व्यंगचित्रपट काढायचे मनात घेतले. 'वॉल्टचे खूळ' म्हणून हॉलिवुडने त्याची टिंगल केली. खर्च पंधरा लक्ष डॉलरांच्या घरात गेला. पण १९३७ च्या डिसेंबरात 'स्नो व्हाइट' झळकला आणि टिंगल करणारेच टाळ्या वाजवू लागले. पाठोपाठ महायुद्ध आले आणि युरोपची बाजारपेठ बंद झाली. १९४० चे 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' खर्चही भरून काढू शकले नाहीत. १९४१ साली चित्रकारांनी संप पुकारला. कंपनी पुन्हा कर्जात रुतली. तिला बाहेर काढले ते १९५० च्या 'सिंड्रेला'ने. त्या बळावर १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभे राहिले.

शेजाऱ्याच्या विहिरी

१९६६ साली वॉल्ट गेला, १९७१ साली रॉय गेला, आणि घर पोरके झाले. 'वॉल्ट असता तर त्याने काय केले असते?' असे विचारत विचारत निर्णय होऊ लागले. असा प्रश्न श्राद्धाच्या दिवशी शोभतो, कचेरीत शोभत नाही. चित्रपट फिके पडले. १९८४ साली सॉल स्टाइनबर्ग नावाच्या धनिकाने कंपनी विकत घेऊन तिचे तुकडे विकण्याचा घाट घातला. त्याला पैसे मोजून वाटेला लावावे लागले. त्याच वर्षी मायकल आयस्नर आणि फ्रँक वेल्स ही नवी जोडी आली. तरी खरा उजेड पडला तो १९८९ च्या 'लिटल मर्मेड'ने आणि १९९४ च्या 'लायन किंग'ने.

त्यानंतर पुन्हा झरा आटला. आता मात्र उपाय वेगळा झाला. घरची विहीर खोल करण्याऐवजी शेजाऱ्यांच्या विहिरीच विकत घेण्याचा सपाटा बॉब आयगर यांनी लावला. २००६ मध्ये ७४० कोटी डॉलर देऊन पिक्सार घेतली, २००९ मध्ये मार्व्हल आणि २०१२ मध्ये ल्यूकासफिल्म, प्रत्येकी सुमारे ४०० कोटींना. २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग घेतला, त्याची किंमत ७१ अब्ज डॉलर! सौदे वाया गेले असे नव्हे. त्या एका वर्षी डिस्नेच्या सात चित्रपटांनी प्रत्येकी एक अब्ज डॉलरांहून अधिक धंदा केला. मात्र ती सातही फुले जुन्याच वेलींवरची होती. एकही वेल नवी नव्हती.

आपल्या दिवाणखान्यातला पाहुणा

"तिकडे अमेरिकेत काय होईल ते होवो, आपल्याला काय त्याचे?" असे कुणी म्हणेल. पण संध्याकाळी वरणभाताचा कुकर लावून ज्या घरांत 'स्टार प्रवाह'च्या मालिका पाहिल्या जातात, त्या घरांत २०१९ पासून २०२४ पर्यंत हाच उंदीर मालक म्हणून बसला होता. फॉक्सबरोबर स्टार इंडिया डिस्नेच्या पदरात पडली, आणि आजीबाईंना पत्ता न लागता त्यांची आवडती वाहिनी मिकीच्या घरात नांदू लागली.

पण आपल्याकडचा खरा देव क्रिकेट! हॉटस्टारवर लोक वर्गणी भरत ते बहुतांशी आयपीएलसाठी. २०२२ च्या लिलावात टेलिव्हिजनचे हक्क डिस्नेने राखले; मोबाइलवरचे हक्क मात्र अंबानींच्या वायकॉम१८ कडे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी सामने फुकट दाखवले. हॉटस्टारचे वर्गणीदार वर्षभरात सहा कोटींवरून चार कोटींच्याही खाली आले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही घरे एकत्र झाली. नव्या संसारात सत्ता रिलायन्सकडे गेली आणि डिस्नेकडे सुमारे ३७ टक्के वाटा उरला. घरमालकाचा भागीदार झाला!

जमा आणि खर्च

आता मुख्य पान. अमेरिकेत डिस्नेची दुभती गाय म्हणजे केबल टेलिव्हिजन. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी एके काळी दहा कोटी घरांत होती आणि घर खेळ पाहो न पाहो, दरमहा पैसे येत. पुढे लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली आणि गाय आटू लागली. म्हणून १२ नोव्हेंबर २०१९ रोजी घरबसल्या चित्रपट दाखवणारी 'डिस्ने प्लस' सेवा सुरू झाली. चारच महिन्यांनी कोरोना आला. उद्याने ओस पडली, पण या सेवेला उधाण आले. मार्च २०२१ मध्ये वर्गणीदार दहा कोटी झाले आणि शेअर २०० डॉलरांच्या आसपास पोहोचला.

पण वर्गणी थोडी, खर्च डोंगराएवढा. २०२२ साली एका तिमाहीत या घरपोच सेवांचा तोटा दीड अब्ज डॉलरांच्या जवळ गेला. निवृत्त झालेल्या आयगर यांना नोव्हेंबरात परत बोलवावे लागले. २०२३ साली सात हजार माणसे कमी करण्याचे जाहीर झाले. ते कंपनीचे शताब्दीचे वर्ष, आणि शताब्दीसाठी काढलेला 'विश' हा चित्रपटच आपटला! शेअर ८० डॉलरांच्याही खाली घसरला. आमचे भाचेराव बोलतात ते या पानाच्या आधारावर.

भाची बोलते ती पुढच्या पानावरून. २०२४ च्या उन्हाळ्यात घरपोच सेवांना मिळून प्रथमच नफा दिसला. त्या आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न ९१ अब्ज डॉलरांवर गेले. आणि नफ्यातला दर रुपयातला जवळजवळ साठ पैशांचा वाटा आला तो उद्याने, जहाजे आणि खेळणी यांतून. आता या विभागात दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर घालण्याचा संकल्प आहे. अबू धाबीच्या उद्यानात तर, मे २०२५ च्या घोषणेप्रमाणे, बांधकामाचा पैसा तिथल्याच कंपनीचा. डिस्ने फक्त नाव आणि कल्पना देणार व त्याचे भाडे घेणार. तेव्हा बुडणाऱ्याचा बंगला हा नव्हे!

मग दिवाळे नाहीच. पण म्हणून दिवाळी आहे असे म्हणावे का?

झरा जिवंत आहे का?

भाडे कशाचे येते ते पाहा. उद्यानात मूल पाळण्यात बसायला जात नाही. पाळणे आपल्या जत्रेतही असतात. ते आपल्या ओळखीच्या गोष्टीत शिरायला जाते. म्हणजे उद्यान ही विहीर, गोष्ट हा तिचा झरा. २०२४ साली कंपनीचे तीन चित्रपट एक अब्जाच्या पार गेले: 'इनसाइड आउट २', 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आणि 'मोआना २'. तिन्ही जुन्याचे पुढचे भाग. उलट २०२५ साली पिक्सारने 'एलिओ' ही कोरी गोष्ट आणली, तर त्या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत थंड सुरुवात तिच्या वाट्याला आली. वॉल्टची डुकरे आठवली ना?

यात कंपनीचा स्वतःचाही दोष आहे. कोरोनाच्या काळात पिक्सारचे 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे तीन नवे चित्रपट अमेरिकेत सरळ घरच्या पडद्यावर सोडले. नवी गोष्ट घरीच येते, मग तिकीट कशाला, अशी सवय लोकांना लावली. पण आशेलाही जागा आहे. २०२३ चा 'एलिमेंटल' पहिल्या आठवड्यात पडला म्हणून सगळ्यांनी सुस्कारे टाकले. मग एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तो ५० कोटी डॉलरांच्या जवळ पोहोचला. नवे बी रुजते. फक्त उकरून पाहण्याची घाई करायची नसते.

तेव्हा आमचा निवाडा असा. पैशाने ही कंपनी धडधाकट आहे. आजच्या कमाईवर आणखी बरीच वर्षे आरामात काढील. पण तिच्या शंभर वर्षांच्या वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. १९२८, १९३७, १९५०, १९८९, प्रत्येक वेळी तिला तारले ते सावकाराने नव्हे, तर एका ताज्या चित्रपटाने. पुढचा असा चित्रपट कुठे आहे, याचे उत्तर ताळेबंदात सापडायचे नाही.

निघताना मी भाचीच्या मुलीला सहज विचारले, "काय ग, या मिकीची गोष्ट सांग पाहू मला."

तिने फ्रॉककडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, याची गोष्ट नसते. हा नुसता फ्रॉकवर असतो."

भाचेराव विजयी मुद्रेने हसले. भाची गप्प झाली. पण चपला घालता घालता ती पोर 'मोआना'तले गाणे गुणगुणत होती, एकही शब्द न चुकता. डिस्नेच्या भागधारकांनी नफ्यातोट्याच्या आकड्यांपेक्षा ही दोन वाक्ये आणि ते गाणे ध्यानात ठेवावे, असे मला आपले वाटते.