जाड भिंत वाचवत नाही

‘भिंत जितकी जाड, तितकं घर भक्कम.’ या समजुतीची किंमत धाराशिव जिल्ह्याने मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या गावांबरोबर आपलं सास्तूरही जमीनदोस्त झालं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 होती, पण एवढे जीव घेतले ते घरांच्या बांधणीने.

दगडमातीची दोन-अडीच फुटी भिंत आतून एकसंध नसते. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड नसला, की हादऱ्यात बाहेरचा थर फुगून सुटतो आणि भिंत ढासळते. कित्येक घरांत माळवदाचे लाकडी खांब उभेच राहिले, माणसं मात्र भिंतींखाली गाडली गेली. असं जुनं घर पाडायलाच हवं असं नाही. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई टाकतात, काँक्रीट भरतात. दाराच्या वर चारही भिंतींना सलग पट्टा बांधतात.

‘पक्कं घर झालं, म्हणजे कुटुंब सावरलं.’ पक्क्या घरातही चूल पेटायला धान्य लागतं. भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेसोबत गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरबांधणीची माहिती त्यांनीच घरोघरी पोचवली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच संस्थेच्या कामातून महिलांनी घरच्या शेतातला एखादा एकर मागून घेतला. त्यात ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला लावला, सोबत शेळ्या-कोंबड्या सांभाळल्या. रान भरून एकटं सोयाबीन असलं तर एका फटक्यात वर्ष जातं. इथे एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं.

‘दुष्काळी जिल्ह्याला पुराचं काय भय?’ सप्टेंबर 2025मध्ये परंडा-भूम भागात माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. जमीन खरडून गेली तिथे मिश्र पीकही वाचत नाही; तिथे आधार उरतो तो बचत गटाचा, जनावरांचा.

आणि पीक विमा? 2025च्या खरिपात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरणार होती. एकट्याचं शेत बुडालं, तर त्याचा वेगळा हिशेब नव्हता.

शिवाय महिलांनी मागून घेतलेला एकर घरच्यांच्या मर्जीवर असतो. लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज द्या, या हंगामाआधीच.