ब्रेक डिस्क
ब्रेक डिस्क किंवा ब्रेक रोटर ही मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती असून, डिस्क ब्रेक प्रणालीत तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर ब्रेक पॅड दाबून वाहनाची गती कमी केली जाते. भारतातील गॅरेजांमध्ये तिला ‘डिस्क प्लेट’ असेही म्हणतात. बहुतेक छोट्या मोटारींमध्ये पुढील चाकांना डिस्क ब्रेक आणि मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क हा वापराने झिजणारा भाग आहे. तिची जाडी उत्पादकाने ठरवलेल्या किमान मर्यादेपर्यंत आली की ती बदलावी लागते.

रचना
डिस्क सामान्यतः राखाडी बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. या बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपने शोषली जातात; शिवाय हा धातू स्वस्त असून लेथवर सहज कापता येतो. डिस्कचे दोन भाग असतात : चाकाच्या हबवर बसणारी मधली टोपी आणि पॅड ज्यावर घासतात ते बाहेरचे कडे. हलक्या मोटारींना भरीव डिस्क पुरते. जड किंवा वेगवान मोटारींच्या पुढील चाकांना दोन पृष्ठभागांमध्ये हवा खेळण्यासाठी पोकळ्या असलेली हवेशीर डिस्क बसवतात.

इतिहास
इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले. तथापि, हा प्रकार रूढ होण्यास अर्धशतक लागले. १९५३ च्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉप डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने विजय मिळवला. दीर्घकाळ वारंवार वापरूनही हे ब्रेक दाद देतात, हे त्यातून दिसून आले. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीत पुढील चाकांसाठी डिस्क ब्रेक देण्यात आले आणि पुढील दशकांत ते छोट्या मोटारींपर्यंत पोहोचले.

जाडी आणि उष्णता
ब्रेक लावल्यावर वाहनाची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. ती उष्णता प्रथम डिस्कच्या धातूत साठते व नंतर हवेत जाते. म्हणून डिस्क हा केवळ घासण्याचा पृष्ठभाग नसून उष्णतेचा साठाही आहे, आणि हा साठा किती मोठा हे तिच्या वस्तुमानावर अवलंबून असते.

उदाहरणार्थ, ९०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ८० किमी वेगावरून थांबवली, तर सुमारे २२० किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. यातील ७० टक्के भार पुढील ब्रेकवर येतो असे धरल्यास पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे ७७ किलोजूल येतात. घासणाऱ्या कड्याचे वस्तुमान ३ किलोग्रॅम असेल तर एका थांब्यात त्याचे तापमान सुमारे ५५ अंश सेल्सियसने वाढते. तीच डिस्क १० मिमीवरून ८ मिमीपर्यंत झिजली, तर कड्याचे वस्तुमान एक पंचमांशाने घटते आणि तापमानवाढ सुमारे ७० अंश होते.

सपाट रस्त्यावरील एखाद्या थांब्यात हा फरक जाणवत नाही. घाटात तो महत्त्वाचा ठरतो. याच मोटारीने ६०० मीटर उंची उतरली, तर सुमारे ५,३०० किलोजूल ऊर्जा मुक्त होते, म्हणजेच वरील थांब्याच्या २४ पट. तिचा काही भाग हवेच्या विरोधात आणि खालच्या गिअरमधील इंजिनाच्या अडथळ्यात खर्च होतो, उरलेला सर्व ब्रेकवर पडतो. पॅड अतितप्त झाले की घर्षण कमी होते. उष्णता कॅलिपरपर्यंत पोहोचून ब्रेक ऑइल उकळल्यास नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात व पेडल दाबूनही दाब निर्माण होत नाही. डॉट ३ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. हवेतील आर्द्रता शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. पातळ डिस्क आणि जुने ब्रेक ऑइल हे दोन्ही दोष एकत्र आले की धोका वाढतो.

झीज ओळखणे
किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर कोरलेला असतो. भरीव डिस्कमध्ये नवी जाडी आणि ही मर्यादा यांतील अंतर साधारणतः २ मिमीच्या आसपास असते. जाडी मायक्रोमीटरने परिघावर अनेक ठिकाणी मोजतात. पॅड न पोहोचणाऱ्या बाहेरील कडेला न झिजलेला उंचवटा राहत असल्याने साध्या व्हर्नियर कॅलिपरने घेतलेले माप वास्तवापेक्षा जास्त येण्याचा संभव असतो.

सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्यास आतील पृष्ठभाग बाहेरील पृष्ठभागापेक्षा लवकर झिजतो. अशा वेळी चाकाच्या फटीतून दिसणारी बाजू चकचकीत असली तरी डिस्क निकामी झालेली असू शकते. ब्रेक लावताना पेडल व स्टिअरिंग थरथरणे हेही एक लक्षण आहे. यास ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात अनेकदा परिघावर जाडी कमीजास्त झालेली असते किंवा पॅडच्या द्रव्याचा असमान थर डिस्कवर बसलेला असतो. खोल चरे आणि कडेपर्यंत गेलेले तडे ही बदलण्याची स्पष्ट कारणे होत.

कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात गंजाचा प्रश्न अधिक असतो. रात्रभरात चढलेला तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. मात्र पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या डिस्कवर पडलेले खड्डे जात नाहीत.

लेथवर घासणे की बदलणे
चरे पडलेली डिस्क लेथवर घासून सपाट करण्याची पद्धत भारतात प्रचलित आहे. घासल्यानंतरची जाडी किमान मर्यादेच्या पुरेशी वर राहत असेल, तरच ही पद्धत योग्य ठरते. पृष्ठभाग गुळगुळीत झाला तरी गेलेले वस्तुमान परत येत नाही. शिवाय डिस्क आणि पॅड दोन्ही फार पातळ झाल्यास कॅलिपरचा पिस्टन प्रमाणाबाहेर पुढे येतो आणि ब्रेक ऑइल गळण्याचा धोका निर्माण होतो.

बदलण्याची प्रक्रिया
डिस्क नेहमी एकाच आसाच्या दोन्ही बाजूंना जोडीने बदलतात. अन्यथा ब्रेक लावताना मोटार एका बाजूला ओढली जाऊ शकते. त्याबरोबर नवे पॅडही बसवतात, कारण जुने पॅड जुन्या चऱ्यांच्या आकाराचे झालेले असतात.

पुढील डिस्क बदलताना मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढतात आणि मागील चाकांना ठोकळे लावतात. चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग मोटार जॅकने उचलतात व तिचा भार स्टँडवर देतात. केवळ जॅकच्या आधारावर काम करणे धोक्याचे असते. कॅलिपर सोडवल्यावर तो तारेने टांगून ठेवतात. रबरी नळीवर लटकत राहिल्यास नळीला आतून इजा होऊ शकते. ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने उडवत नाहीत, कारण जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

जुन्या मोटारीत डिस्क गंजामुळे हबला चिकटलेली आढळते. गंज सोडवणारे तेल आणि हातोड्याचे फिरते ठोके यांनी ती सहसा निघते. काही डिस्कना आट्यांची दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट आवळल्यास डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. काही जुन्या रचनांत डिस्क हबच्या मागील बाजूस असते. तेथे हब काढावा लागत असल्याने बेअरिंगचे कामही वाढते.

यानंतर हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने पूर्ण स्वच्छ करतात. ही पायरी अनेकदा वगळली जाते. परंतु तेथे राहिलेला गंजाचा पापुद्रा डिस्कला तिरके बसवतो, आणि हबवरील सूक्ष्म फरक डिस्कच्या कडेला अधिक मोठा होतो. फिरताना डिस्क डगमगली तर काही हजार किलोमीटरनंतर नव्या डिस्कमध्येही थरथर सुरू होते. नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसतात. पिनांना ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस लावतात आणि पिस्टन हळूहळू मागे ढकलतात. त्या वेळी टाकीतील ब्रेक ऑइल वर चढत असल्याने ते सांडून रंग खराब होणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागते. बोल्ट व चाकाचे नट उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळतात.

मोटार हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत वारंवार दाबणे अत्यावश्यक असते. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत पोहोचेपर्यंत मोटारीला ब्रेक नसतो. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये, आणीबाणी वगळता, जोरात ब्रेक लावणे टाळतात. मध्यम वेगावरून बेताचे, मध्ये थंड होण्यास अवधी देणारे ब्रेक लावल्याने पॅडच्या द्रव्याचा समान थर डिस्कवर बसतो.

हे सुद्धा पहा
डिस्क ब्रेक
ड्रम ब्रेक
घर्षण
ओतीव लोखंड