'मानसोल्लासां'तील अन्नभोग : नांव आणि पदार्थ

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण होय. ग्रंथाच्या पांच विंशति असून तिसरींत राजाचे उपभोग वर्णिले आहेत. 'अन्नभोग' हें प्रकरण त्यांतलेंच. हा भाग १९३९ सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत छापला गेला. तेव्हांपासून प्राचीन पाकविद्येच्या चर्चेंत त्याचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु तो घेतांना नांवावरून पदार्थ ठरविण्याची घाई होते, हें येथें दाखवावयाचें आहे.

'इडरिका' या शब्दावरून आजची इडली तशीच आठशें वर्षांची जुनी आहे, असें प्रस्तुत लेखक अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगत असे. मूळ पाठ लक्षपूर्वक वाचल्यावर ती चूक ध्यानांत आली. सोमेश्वराची इडरिका केवळ उडदाची असून तिला मिरीं, जिरें व हिंग यांचा संस्कार आहे. तांदुळाचा तींत उल्लेख नाहीं. याच चालुक्यांच्या राज्यांत सुमारें एक शतक आधीं झालेल्या 'लोकोपकार' या कानडी ग्रंथांतही उडीद ताकांत भिजविण्यास सांगितले आहेत. तांदूळ तेथेंही नाहींत. तेव्हां नांव टिकलें, पदार्थ मात्र बदलला.

'मंडक' याची गोष्ट निराळी. गव्हाची कणीक मळून, गोळे हातांनीं पसरून तापलेल्या खापरावर भाजावे, असा तेथील विधि आहे. बेळगांवाकडे मांडे करणाऱ्या सुगरणीस तो समजावून सांगण्याचें कारण पडणार नाहीं. येथें नांव व कृति दोन्ही टिकलीं आहेत.

तिसरी कसोटी अभावाची. या प्रकरणांत तिखटपणा येतो तो मिऱ्यांमुळें. लाल मिरची कोठेंही नाहीं व असणें शक्यही नव्हतें, कारण ती अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत इकडे आली. म्हणून एखाद्या पाकग्रंथाच्या पोथींत मिरची आढळली, तर तो भाग त्यानंतरचा समजावा, मग पोथीच्या आरंभीं कोणाचेंही नांव असो.

राजग्रंथ एका क्षणाचें चित्र देतो. मधल्या शतकांतील फेरफार कळतात ते मुदपाकखान्याच्या यादींवरून आणि लग्नकार्याच्या खर्चाच्या टिपणांवरून. दप्तरांचे रुमाल सोडतांना सनदा व वंशावळी जपल्या जातात आणि असले कागद रद्दींत जातात. संग्राहकांनीं तेही राखून ठेवावे, इतकीच विनंति आहे.